डोक्याचं विम्यात बसत नाही

"झोप लागत नाही, रडू येतं. बरं. अजून काय नाटकं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे न बघताच विचारलं. मागे रांगेत आमच्याच कारखान्यातल्या दहा-बारा बाया. कोणीतरी हसलं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. अंबरनाथला बिस्किटांच्या कारखान्यात मी पॅकिंगला होते. बुवापाड्यातून चालत कामगारांच्या विम्याच्या दवाखान्यात आले होते. बाळंतपणाची रजा संपत आलेली. सोबत सासू, तिच्या हातांवर माझी दोन महिन्यांची मुलगी.

"साहेब, बाळाला घ्यायची भीती वाटते. वाटतं, माझ्याच हातून तिला काहीतरी होईल."

हे एक वाक्य तोंडातून काढायला मला तीन आठवडे लागले होते. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"हात तुटलाय? ताप आहे? नाही ना? डोक्याचं विम्यात बसत नाही. तुमच्या लोकांना फुकट पगाराची सवयच लागली आहे."

तुमच्या लोकांना. आडनाव कार्डावर होतं.

क्लार्कने कागद सरकवला. सोबत शाईचं पॅड. "अंगठा लाव."

मी दहावीपर्यंत शिकलेली. तरी अंगठा पुढे केला. खरं सांगते, इतकी थकले होते की कोणी मर म्हटलं असतं, तर मेले असते.

सासूने माझं मनगट धरलं. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय ते वाच आधी."

मी वाचलं. "तक्रार नाही. कामास योग्य."

"मग आत्ता काय सांगत होतीस गं तू त्यांना?"

बस. एवढंच विचारलं तिने. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला रडू नाही, राग आला. टेबलावरचा पेन उचलला. खाली लिहिलं : तक्रार आहे. झोप नाही. बाळाची भीती वाटते. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं नाही. पूर्ण नावाने सही केली.

"ए, सरकारी कागद आहे तो!" क्लार्क ओरडला.

"विमा माझ्या पगारातून कापतात," मी म्हटलं.

वाढीव रजा मिळाली नाही. सोमवारी कामावर. दूध ब्लाउजमधून झिरपायचं, मशीन थांबायची नाही. घरी सासूने सात-आठ महिने मला एकटीला सोडलं नाही. तिनेच जगवलं. औषध नाही, उपचार नाही. मुलीला पहिला दात कधी आला, मला आठवत नाही. ते महिने माझ्याकडे नाहीतच.

दोनेक वर्षांनी उल्हासनगर कॅम्प चारमधली एक सिंधी मुलगी बाळंतपणानंतर कामावर आली. पुडे भरता भरता रडायची. सुपरवायझर तिला नाटकी म्हणायचा. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तिला घेऊन दवाखान्यात गेले.

"तू हिची कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोणी नाही. ती सांगते ते लिहा. लिहिल्याशिवाय आम्ही हलणार नाही."

त्यांनी लिहिलं. रजा फक्त आठवड्याची दिली.

त्यानंतर किती जणींसोबत गेले, मोजलं नाही. दमते मी. बऱ्याचदा हात हलवत परत येतो. पण एकटीला कुणाला जाऊ देत नाही. बाईचं डोकं तिच्या अंगाचाच भाग आहे, हे त्यांच्या नियमांत लिहून घेईपर्यंत मी त्या टेबलासमोर येत राहणार.