आप्पाच्या सेटसमोरची खुर्ची

आप्पा गेल्याचं सांगायला त्याच्या शेजारचा कापडवाला आला, तेव्हा मी दारात बसून दाढी करत होतो. तो म्हणाला, "आप्पांना शॉक लागला. टीव्ही दुरुस्त करताना. गेले." मी वस्तरा खाली ठेवला नाही. म्हणालो, "काय पण सांगता. आप्पाला शॉक लागंलच कसा? मी तर हितं हाय." तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. बायको गेल्यापासून म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं त्याला वाटलं असणार. पण मी बरोबर बोललो होतो... आप्पा टीव्हीचा सेट उघडायचा तेव्हा भिंतीवरच्या बटनावर माझा हात असायचा. मी नसलो तर सेट उघडायचा नाही, हा नियम त्यानंच घातलेला. मग मी घरी आणि तो सेटात, हे झालं कसं? ते मला मातीनंतर कळलं, आणि तेव्हापासून माझा त्याच्यावर राग आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. चांगलंही लिहिणार आहे, पण राग लपवून लिहिणं मला जमणार नाही.

शिवलिंगप्पा त्याचं नाव, अक्कलकोटकडचा. नवी पेठेतल्या एका बोळात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याच्याच मागं घर. मी कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले, शिक्षण चौथीपर्यंत. पाळी सुटली की घरी जायच्या आधी त्याच्याकडं टेकायचं, चहा प्यायचा, एकमेकाला नावं ठेवायची, असं आमचं जमलं. मग पुण्याला टीव्ही सुरू झाला आणि आमच्याकडचेही हौशी लोक सेट आणायला लागले. पुण्यापासून इतक्या लांब चित्र धड यायचं नाही. गच्चीवर नळाचा उंच पाईप उभा करायचा, त्याच्यावर अँटेना, आणि हवा चांगली असली तर पडद्यावरच्या मुंग्यांतून माणसं दिसायची. तेवढ्यासाठीसुद्धा गल्ली गोळा व्हायची. ते सेट बिघडले की आप्पाकडं यायचे. त्यात एक अडचण होती. दुरुस्ती मागून करायची आणि चित्र दिसणार पुढं. मागं बसलेल्याला कळायचं कसं? म्हणून त्यानं मला पुढं बसवलं. एक लोखंडी घडीची खुर्ची, तिच्यावर पोतं घातलेलं, शेजारी भिंतीवर बटन. तो मागून कानडीत विचारायचा, "बंतेनो?" म्हणजे आलं का रे. मी म्हणायचो, "न्हाय." पुन्हा "बंतेनो?" "आलं... गेलं. मुंग्या हायत." असं तास-तास चालायचं. त्याचा एक हात सेटात आणि दुसरा कायम पाठीमागं, धोतराच्या काष्ट्यात अडकवलेला. त्या सेटांचा आतला पत्रासुद्धा करंट धरायचा. तो म्हणायचा, "एका हातानं झटका बसला तर माणूस शिव्या देतो. दुसरा हात कुटं लोखंडाला टेकला तर शिव्या द्यायला उरत न्हाय. तसं झालं तर मला धरायला येऊ नको, नामा. नुसतं बटन बंद कर." मी म्हणायचो, "आन नाय केलं तर?" "मग आमच्या नीलव्वाला तूच पोस," म्हणायचा. आतून नीलव्वा वैनी ओरडायची, "मला नको त्यो, लई खातो."

एकदा अकलूजकडं एका ऊसवाल्याच्या घरी गेलो होतो. आवाज येतोय, चित्र नाही, असा निरोप होता. एस.टी.नं दोघं गेलो. दसरा नुकताच झालेला. त्या घरात औतफाट्याबरोबर टीव्हीचीही पूजा झाली होती, काचेवर हळद-कुंकू, खोक्यावर भस्माचे पट्टे. पूजेच्या आधी सुनेनं ओल्या फडक्यानं सेट चकाचक पुसलेला. सासरा पेटला होता. "हिनंच जाळला. चांगला चालता सेट हिनं धुतला," हे तो आमच्यासमोर दोनदा बोलला. सून दाराआड उभी. आवाज चालू आणि चित्र नाही म्हटल्यावर आप्पा सगळ्यात आधी उजेडाचं बटन बघायचा. त्यानं बघितलं, मीही बघितलं. पुसताना ते पार शून्यावर फिरलेलं होतं. दुसरा कुणी असता तर बटन फिरवून हसला असता. आप्पानं मला खुर्चीत बसवलं, मागचं झाकण काढलं, बराच वेळ धूळ झाडली, मधूनमधून "बंतेनो?" विचारत राहिला, आणि मग पुढं येऊन काच पुसल्यासारखं करत बोटानं बटन फिरवलं. चित्र आलं. सासऱ्याला म्हणाला, "आतली तार हलली होती. बैलगाडीतनं आणला न्हवं, हलती. कुणाचा दोष न्हाय." परत येताना मी म्हणालो, "लबाड हाईस की लेका." तो म्हणाला, "खरं सांगून त्या पोरीला जलमभर बोलणी खायला लावू व्हय?" मला त्याचं लई कौतुक वाटलं. घरी येऊन आमच्या सरूलाही सांगितलं. असलंच गोड खोटं तो एक दिवस मलाही सांगेल, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

सरू गेली गेल्या पावसाळ्यात. गिरणीतून मी आधीच सुटलो होतो. घरात भिंती, बाहेर ऊन. माझ्याकडं जायला एकच जागा उरली होती, ती खुर्ची. तिथं बसलं की कुणीतरी मला विचारायचं, आणि मी सांगितल्याशिवाय त्याचं काम पुढं सरकायचं नाही. दिवाळीच्या आसपास एक दिवस मी तसाच बसलो होतो. पडद्यावर एक बाई पोळ्या लाटत होती. आप्पा मागून विचारत होता, मला ऐकू येत नव्हतं. तो उठून पुढं आला. चित्र कधीचं आलेलं, आणि माझा हात बटनावर नव्हता, मांडीवर होता. तो म्हणाला, "साकु. पुरे आज." असं एकदा झालं. एकदाच.

त्यानंतर मी गेलो की त्याच्या कामाच्या बाकावर रेडिओच असायचे. मी विचारायचो, "टीव्ही न्हाईत का?" तो म्हणायचा, "हल्ली पुण्याचं चित्रच धरत न्हाय, नामा. लोकांनी सेट आणायचं सोडलं." मी विश्वास ठेवला. त्याच्यावर नाही ठेवायचा तर कुणावर? मी घरी बसलो. पंधरा-पंधरा दिवस तिकडं गेलो नाही. काम नसताना उगाच त्याचा खोळंबा कशाला करा...

मातीला मी होतो. आप्पाच्या समाजात माणसाला बसवून पुरतात. तो खाली बसलेला, मी समोर उभा. इतकी वर्षं आमच्यामध्ये सेट असायचा, त्या दिवशी नव्हता. त्यानं "बंतेनो?" विचारावं असं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी नीलव्वा वैनीकडं गेलो आणि विचारलं, सेट कुणाचा होता. ती म्हणाली, "कुणाकुणाचे सांगू भावजी? आठवड्याला एक-दोन येतातच की." मला आधी समजलंच नाही. म्हणालो, "मग पुढं कोण बसायचं?" तिनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, "आरसा ठेवायचे. तुमच्या खुर्चीवर. मागनं त्यात बघायचे. तुमी यायच्या टायमाला सेट आत खोलीत आणून झाकायचे." त्या दिवशी आरसा तिरका झाला होता. तिला काच फुटल्याचा आवाज आला, ती धावत आली, तर एक हात सेटात, आणि आरसा सरळ करायला गेलेला दुसरा हात माझ्या लोखंडी खुर्चीला टेकलेला. फरशी नुकतीच धुतलेली, ओली. तिनं हाक मारली तेव्हा कापडवाल्यानं येऊन दारातला मेन स्विच खाली ओढला. "मी किती येळा म्हणले, भावजींना बोलवा. तर म्हणायचे, त्याचं ध्यान ठिकाणावर न्हाय, आन तसं त्याला सांगितलं तर त्याला लई लागंल."

लागलं असतं, आप्पा. मग काय झालं असतं? मी चार शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस आलो नसतो, तिसऱ्या दिवशी येऊन बटनावर हात ठेवून बसलो असतो. त्या अकलूजच्या सुनेला सांभाळलंस तसं मला सांभाळलंस. मी काय कुणाची सून होतो? माझ्या भरवशावर जीव सोपवायची भीती वाटत होती, तर ते तोंडावर बोलायचं. माझी जागा काढून घेतलीस, तिथं आरसा बसवलास, आणि वर चित्र धरत नाही म्हणून मला सांगितलंस. आरसा कधी बटन बंद करतो का रे?

परवा वैनीनं निरोप धाडला, दुकान रिकामं करायचंय, खुर्ची घेऊन जा. गेलो. सेट ज्याचा त्यानं नेला होता. मेन त्या दिवशी ओढला तो तसाच खाली, कुणी वर केलेला नाही, त्यामुळं आत अंधारच. काचा झाडलेल्या होत्या. खुर्ची मात्र जागच्या जागी, तोंड बाकाकडं. पोतं खाली पडलं होतं, ते उचलून घातलं आणि बसलो. समोर रिकामा बाक. जरा वेळानं हात सवयीनं भिंतीकडं गेला. चाचपून बघितलं... बटन अजून चालूच होतं. मी ते बंद केलं.