कांद्याच्या मुळाचं टोक

आमच्या विभागप्रमुखांना मुलं तोंडावर 'सर' म्हणायची आणि पाठीमागे 'टाय'. गळ्यातला टाय कधी सैल झाला नाही आणि डोक्यात कधी काही शिरलं नाही. मी त्यांच्याच प्रयोगशाळेत हाताखाली शिकवत होते, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाहीये.

पेशी विभाजन म्हणजे त्यांचा हातखंडा विषय. गुणसूत्रं मधोमध रांगेत येतात, मग दोन टोकांना ओढली जातात, मग मध्ये भिंत तयार होते, सगळं घडाघडा पाठ. प्रत्यक्षात यातलं काही त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. कांदा पाण्याच्या भांड्यावर ठेवला की खाली पांढरी मुळं फुटतात आणि पेशी विभागतात त्या मुळाच्या अगदी टोकाला. ते टोक असतं मोहरीएवढं. आम्लात मऊ केल्यावर चिमट्यात धड सापडत नाही. एवढी खटपट साहेबांना कोण सांगणार? ते वरचा जाड, धरायला सोपा तुकडा कापायचे. तिथल्या पेशी लांबुळक्या, विभागायच्या केव्हाच थांबलेल्या. त्यावर काच धाडकन टाकली की हवा अडकणारच. मग शेजारी शेजारी चिकटलेले दोन बुडबुडे शोधायचे, सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातला काटा त्यांच्यावर आणायचा आणि घसा खाकरून म्हणायचं, "ही बघा, शेवटची अवस्था. एका पेशीच्या दोन झाल्या."

मुलं रांगेने बघायची, वहीत तेच बुडबुडे रेखाटायची, पास व्हायची. मी एकदा हळूच बोलून पाहिलं, तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही अजून नव्या आहात." डोक्यावरचे केस पांढरे झाले होते माझे.

पुढे त्यांचीच मुलगी आमच्या वर्गात आली. हुशार पोर, कुणावर गेली होती देव जाणे. तिला संशोधनाला जायचं होतं आणि त्यासाठी प्रात्यक्षिकात वरचे गुण हवेच होते. परीक्षेच्या दिवशी तिने नेमकं टोकच घेतलं. आम्लात कोमट करून धुतलं, रंगात ठेवलं, काच तिरकी टेकवून अलगद सोडली आणि वर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ दाबलं, जराही सरकू न देता. आधी लहान भिंग लावलं, मग मोठं. मी डोकावले. चौकोनी पेशी दाटीवाटीने बसलेल्या आणि एकीच्या आत लालभडक धागे दोन बाजूंना निघालेले. इतकी स्वच्छ स्लाइड माझ्या हातून कधी झाली नव्हती.

मी पलीकडच्या टेबलाकडे वळले, तेवढ्यात तिने आनंदाच्या भरात वडिलांना हाक मारली, "बाबा, इकडे या ना, बघा."

त्यांनी भिंगाला डोळा लावला. "हे काय? नुसता कचरा रंगवलायस. परीक्षकांसमोर माझी अब्रू घालवणार आहेस का?" आणि मी पोचेपर्यंत स्लाइड नळाखाली धरून धुऊनही टाकली. तिच्या जागी स्वतःची ठेवली, काटा नीट बुडबुड्यांवर आणून. दुसरी करायला वेळ नव्हता. बाहेरून आलेले परीक्षक दारातच होते.

"काय दिसतंय?" परीक्षकांनी मुलीला विचारलं.

तिने भिंगातून पाहिलं. काय आहे ते तिला पुरतं कळत होतं. मग वडिलांकडे पाहिलं. "शेवटची अवस्था, सर."

परीक्षकांनी भिंगाला डोळा लावून काचेवर पेन्सिलीचं टोक हलकेच दाबलं. "पेशी अशी पळते होय? कडेला जाड काळी रेघ, आत काहीच नाही. हवा आहे ही. एवढंही शिकवलं नाही तुम्हाला?"

"शंभरदा सांगितलंय, सर," बाप म्हणाला. "हल्लीच्या मुलांचं लक्षच नसतं."

पोटच्या पोरीला बळी देताना त्या माणसाचा आवाजसुद्धा कापला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडलं, तोच टेबलाखालून त्या पोरीने माझं मनगट घट्ट धरलं. परीक्षक गुण मांडून पुढच्या टेबलाकडे गेले. बापही त्यांच्या मागोमाग गेला.

"का अडवलंस मला?" मी विचारलं.

"राहू द्या, मॅडम," ती म्हणाली. "संध्याकाळी मला बाबांच्याच शेजारी जेवायला बसायचंय."