आधी गाठोडेवाल्याला घरी पोचवा!

भंडाऱ्याच्या एसटी स्टँडजवळ, एका सायकल दुकानाच्या मागच्या खोलीत व्हिडिओ गेमचं मशीन आलं आणि त्याच संध्याकाळी आमची मोहाडीची बस चुकली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी अकरावीत, दादा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला... कॉलेजला दोघंही एकाच बसने जायचो-यायचो.

दुकानवाल्या भाऊंनी ते मशीन कुठूनतरी जुनं आणलं होतं. पडद्यावर एक बुटका माणूस, डोक्यावर गाठोडं. वाट चुकलेल्या त्या माणसाला त्याच्या घरी पोचवायचं, एवढीच स्टोरी. वरच्या कोपऱ्यात त्याचं घर सारखं दिसत राहायचं, खिडकीत पिवळा दिवा लावलेलं.

पहिल्या दोन स्टेज दादाने पटापट काढल्या. तिसरीत मात्र अख्खं भंडारा अडकलं! तिथे हिरव्यागार चौकोनांच्या रांगा, त्यांच्यामधून मातीच्या बारीक रेघा, आणि त्या रेघांवर वळवळणारे साप. हे काय आहे ते आम्हा धानवाल्यांना कुणी सांगायची गरजच नव्हती. धानाच्या भरल्या बांध्या होत्या त्या, आणि मधले ते धुरे.

मग काय... मागे उभी असलेली सगळी पब्लिक एकच गलका करायची. "धुऱ्यानं जाय बे, धुऱ्यानं!" "थांब, साप येऊन राहिला!" दादा इमानदारीत धुऱ्यानेच न्यायचा, साप डसायचा, गाठोडं खाली पडायचं. खेळ खलास.

दादाला परीक्षा झाल्या झाल्या नोकरीसाठी पुण्याला जायचं होतं. तो मला बसमध्ये म्हणायचा, "मी जाईन त्याच्या पहिले ह्याले घरी पोचवतोच, पाय तू." मी हसायचे, पण मलाही ते मनापासून हवं होतं. त्या खिडकीतल्या दिव्याची मला उगाच काळजी वाटायची.

आणि एका सोमवारी जाऊन बघतो तर मशीनच बदललेलं! तोच बुटका, तेच गाठोडं, फक्त रंग जास्त भडक. भाऊ मोठ्या अभिमानाने म्हणाले, "दुसरा भाग आणला."

माझं डोकंच फिरलं. अहो, पहिला भाग कुणाला सुटला होता? सुरुवातीलाच तो गाठोडेवाला आपल्या घराच्या दारातून बाहेर पडताना दाखवला होता, पुन्हा वणवण करायला. म्हणजे मधल्या मधे हा घरी पोचला कधी? पुढचं पाठ, मागचं सपाट म्हणतात ते हेच.

दादाने विचारलंच. "भाऊ, हा घरी कवा पोचला?"

"पोचला असंल ना गा. लोकायले नवं पायजे," भाऊ म्हणाले.

कोणत्या लोकांना? आम्ही तर जुन्यासाठीच बस चुकवत होतो! दादा त्या दिवशी खेळलाच नाही.

पुढच्या आठवड्यात मामाचा प्रकाश नागपूरहून आला आणि हट्टाने आम्हाला भाऊंच्या दुकानात घेऊन गेला. दुसऱ्या भागातही तशाच बांध्या होत्या. प्रकाशने दांडी दाबली आणि गाठोडेवाला सरळ हिरव्यात घुसवला.

"अबे, धान हाय ते!" मागून चार-पाच जण एकदम ओरडले.

"कायचं धान बे? गवत आहे!" प्रकाश म्हणाला... आणि आरामात पलीकडे गेला. साप धुऱ्यावरच राहिले. हिरव्यात ते येतच नव्हते.

इतके दिवस आम्ही सगळे तिथेच मरत होतो, कारण उभ्या पिकात पाय घालायचा असतो हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. येईल कसं? लहानपणी त्यासाठी पाठीत धपाटे खाल्लेली माणसं आम्ही!

दादा तडक भाऊंकडे गेला. "जुनी मशीन कुठं हाय?" ते गोंदियाकडे विकलं गेलं होतं. दादा पुण्याला गेला, तिकडेच राहिला, आणि गाठोडेवाला माझ्या डोक्यात धुऱ्यावरच अडकून पडला.

तेव्हापासून कशाचाही भाग दुसरा आला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आता तर पाचवा काय, सहावा काय! पहिल्यात अडकलेल्या माणसांचं काय करायचं, ते कुणी सांगतच नाही.

परवा दिवाळीनंतरच्या आमच्या गावच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, दादा आला. रिटायर झालाय, आता इथेच राहायचं म्हणतोय. बोलता बोलता ही गोष्ट निघाली आणि माझ्या मुलीने तो जुना गेम फोनवर शोधून काढला... तोच पहिला भाग!

दादाने चष्मा पुसला आणि खेळायला बसला. तिसऱ्या स्टेजला, हिरव्याच्या काठाशी त्याचा अंगठा थांबला. "मामा, जा ना सरळ!" मुलगी म्हणाली.

दादा हळूच पुटपुटला, "पिकात पाय देऊन राहिलो, माफ कर बा." आणि गेला. बांधीमागून बांधी ओलांडत थेट दारापर्यंत... दार उघडलं, गाठोडं उंबऱ्याच्या आत गेलं. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, हसायचं तर हसा.

तेवढ्यात पडद्यावर पाटी आलीच. भाग दोन सुरू करायचा का?

"कायले?" दादा म्हणाला. "आत्ताच तं आला तो घरी." आणि त्याने फोन पालथा ठेवला.

मुलीला मी बजावून ठेवलंय, तो गेम फोनमधून काढायचा नाही आणि पुढचा भाग खेळायचा नाही. बसू दे बिचाऱ्याला जरा घरात.