हव म्हणजे हवं

माणसं घरात राहतात, ही गोष्ट आमच्या साडूंना मनापासून कधी आवडलेली नाही. घर मुळात बघण्यासाठी असतं आणि माणसं आत राहून त्याची नासधूस तेवढी करतात, असं त्यांचं मत. रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी रायपुरातली जुनी घरं जतन करायला एक मंडळ काढलं. अध्यक्ष ते स्वतः, खजिनदार त्यांच्या पत्नी, म्हणजे माझी मोठी मेहुणी, आणि सभासद मी. मला कुणी विचारलं नव्हतं; साडू असण्यातच ते आलं. मंडळाचा फलक रंगवणाऱ्यानं हिंदीत लिहिलं, 'पुराने घर बचाने की चेष्टा'. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे ठाऊक असूनही गणपतीत सगळी मराठी मंडळी विचारत होती, "काय भाऊ, आता घराचीही चेष्टा करून राहिले काय?" साडू प्रत्येकाला न हसता सांगत, "ते हिंदीतली चेष्टा आहे. आपली नाही."

पुरानी बस्तीतून त्यांच्याबरोबर चालणं ही एक शिक्षाच. समोरचा माणूस नमस्कार करतो आणि साडू त्याच्या डोक्यावरच्या चौकटीला नमस्कार करतात. एका बारशाला गेले, तर पाळण्याकडे पाठ करून तुळईकडे बघत राहिले आणि बाळाच्या आईला म्हणाले, "अस्सल आहे. असं आता होत नाही." तिनं कौतुकानं दोन पेढे दिले. घराविषयी चुकीचा शब्द मात्र त्यांना अजिबात खपत नाही. एका मयतीला कुणीतरी हळहळून म्हणालं, या कौलांनी तीन पिढ्या पाहिल्या. साडूंचा खांदा तिरडीला होता, तरी मान वळवून म्हणाले, "गलत. कौलं मागून बदलवले." लोक 'राम नाम सत्य है' म्हणत होते. साडूंचं सत्य वेगळं पडलं.

त्यांचा सगळा जीव होता तो साहूजींच्या घरावर. साहूजी एकटेच राहत. उंच जोतं, कोरीव खांब आणि समोर परछी, म्हणजे आपली ओसरी. साडू दर रविवारी तिथं जाऊन बसत आणि उठताना विचारत, "साहूजी, घर रखना है ना?" साहूजी हात जोडून म्हणत, "हव." छत्तीसगढीत हव म्हणजे नुसतं हो, आणि साहूजींसारख्या भिडस्त माणसाच्या तोंडी तेवढंही नाही. साडू मात्र वाटेत मला सांगत, "ऐकलं ना तुम्ही? हवं म्हणून राहिला तो! माणसाले घर हवं आहे." मी म्हणालो, अहो, ते भाजीवाल्यालाही हव म्हणतात. साडू जन्माचे रायपूरकर. हव त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्या एका घरापुरतं त्यांना ते कळून घ्यायचं नव्हतं.

मग एक दलाल आला. त्यानं विचारलं, "बेचना है ना?" साहूजी म्हणाले, "हव."

घर विकलं गेल्याचं कळलं तेव्हा साडू तरातरा निघाले आणि मी मागोमाग. "आपने तो मुझे हव बोला था!" साडूंचा आवाज चढला होता. साहूजी खांबाला धरून उभे राहिले. "उसको भी बोला, भैया. घुटने से चढ़ना नहीं होता अब. बेटा तेलीबांधा में लिफ्टवाला फ्लैट लिया है. आप इतने प्रेम से पूछते थे, आपको ना कैसे बोलते?" साडू जोत्याच्या पायऱ्यांकडे बघत राहिले. त्या पायऱ्या माणसाला चढाव्या लागतात, हे त्यांच्या बहुधा तेव्हाच लक्षात आलं.

घर पाडलं त्या दिवशी ते समोरच्या देवळाच्या कठड्यावर शेवटपर्यंत बसून होते. मेहुणी सांगत होती, घरी येऊन जेवले नाहीत, आंघोळ करून सरळ झोपले.

पुढे आम्ही दोघं साहूजींना भेटायला तेलीबांध्याला गेलो. नवव्या मजल्यावरच्या बाल्कनीत, तलावाकडे पाठ करून ते बसले होते. जुन्या गल्लीत त्यांचं जाणं होत नव्हतं, आणि मुलाला विचारायची भीड पडत होती. चहा झाल्यावर त्यांनी खाली बघत विचारलं, "भैया, घर गिरा दिए क्या?"

मी साडूंकडे पाहिलं. मयतीत कौलांचं वय सुधारणारा हा माणूस.

"नहीं, अभी तो खड़ा है," साडू म्हणाले. "ताला लगा है बस. परछी में सुबह की धूप आती है, दूसरे खंभे तक."

साहूजींच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की मला तिथं बसवेना. मी उगाच पाणी प्यायला आत गेलो.

आता साडू दर रविवारी तेलीबांध्याला जातात आणि त्या घराची हालहवाल सांगतात. कुठलं कौल सरकलं, कुठल्या खांबावर चिमण्या बसल्या. एक तपशील चुकत नाही. बाकी घरं राहतील न राहतील, आमच्या मंडळानं आजवर वाचवलेलं घर हे एवढंच आहे, आणि त्या अध्यक्षांचा साडू म्हणवून घ्यायला मला हल्ली फार बरं वाटतं.