खिडकीखालचा मराठीचा वर्ग

माझ्या शाळेत मराठीची वेगळी खोली होती. तिची खिडकी गंगेकडे उघडायची. रामनगरहून येणारी होडी दिसली की गुरुजी तिच्यावरच निबंध लिहायला लावत. बँकेत नोकरीला लागल्यावर मी दर रविवारी त्याच खोलीत ब्रह्मा घाटावरच्या मराठी घरांतल्या मुलांना मराठी शिकवू लागलो. फुकट आणि हट्टाने.

गेल्या वर्षी नव्या प्रिन्सिपलसाहेबांनी बोलावून घेतलं. खोली कोचिंगवाल्यांना हवी होती.

"आपके बच्चे तो हिंदी ही बोलते हैं, मास्टर साहब."

"रविवारी येऊन ऐका!" मी छाती पुढे काढली. "एक जरी पोर बोलताना अडलं, तर खोली तुमची."

रविवारी साहेब आले. मी खूण करताच पोरांनी गणपतीच्या आरत्यांचा असा गजर केला की खालच्या घाटावरची कबुतरं उडाली. गल्लीत आम्ही सगळे हेच धरून चालतो, की पोराला आरत्या पाठ म्हणजे त्याला मराठी आलं. साहेबांनी भक्तिभावाने हात जोडले, शेवटी प्रसाद मिळेल अशा बेताने थांबले आणि म्हणाले, "बहुत सुंदर. यह तो पूजा हुई. अब बातचीत सुनाइए." त्यांनी पुढच्या बाकावरच्या मुलीला काल काय केलं ते विचारलं.

"काल मी... घाटावर... मतलब..."

अडली! साहेब उठले.

आता माझ्यातला नट गप्प बसणार? मी नसलेला पदर खोचला, कमरेवर हात ठेवले आणि बारीक आवाजात ओरडलो, "आलीस का गं? अंधार पडला तरी घाटावरच?"

मुलगी फिसकन हसली. "काका, सरका. आमची आई अशी नाही बोलत." तिने ओढणी खोचली. "ये, ये महाराणी! परत कशाला आलीस? बसायचं होतंस मल्लाहाच्या होडीत, जायचं होतंस रामनगरला! तिकडेच जेव! इथे वरण गार झालंय, आणि मी गरम करून देणार नाहीये, सांगून ठेवते!"

मग काय! कुणाची आत्या उभी राहिली, कुणाचे तापट आजोबा. सगळी खोली अस्सल मराठीत भांडू लागली. साहेबांना शब्द कळत नव्हते, तरी हसून हसून त्यांनी डोळे पुसले.

डोळे पुसून म्हणाले, "मगर बच्ची अटकी तो थी."

पैज हरलो. खोली गेली. वर्ग गेला असं मात्र कुणी समजू नये. आता आम्ही त्याच खिडकीखाली घाटाच्या पायऱ्यांवर बसतो आणि गुरुजींपेक्षा दुप्पट आवाजात शिकतो. परवा कोचिंगचे सर खिडकीतून डोकावले. "आवाज़ कम कीजिए!"

मी तोंड उघडायच्या आत आमची महाराणी ओढणी खोचून उभी राहिली.

"खिडकी लावून घ्या ना मग! आणि आत उकडलं तर खाली या. पायरी मोकळी आहे!"

सरांना एक अक्षर कळलं नसेल. खिडकी मात्र त्यांनी मुकाट्याने लावली.