गाण्याआधीची परीक्षा

जुळे सोलापुरात घरीच अ‍ॅम्प्लिफायर बनवणारे माझे एक ओळखीचे आहेत. परवा त्यांनी नवा नग स्पीकरला जोडून आवाज पूर्ण वाढवला. काहीच ऐकू येईना. मी सहानुभूतीनं म्हणालो, "बिघडला वाटतं!"

"गाणं कुटं लावलंय, सर? नुसतंच घूंऽ येतंय का बघायलोय." प्रत्येक नगाला ते असाच कान लावून बसतात.

तेवढ्यात एक दुकानदार आला. "पन्नास नग घेतो. ट्रान्सफॉर्मर हलका टाका, वर पाच हजार वॅटचं स्टिकर लावा."

"हलका टाकला की घूं येतंय. आन् शंभर वॅटचा हाय, तर शंभरच लिहिणार की."

ऑर्डर हातची गेली. त्यांनी पुन्हा स्पीकरला कान लावला आणि खुशीत मान डोलावली.

घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "मग आपल्यासाठी एक नग सांगून या. घरात कुणीतरी गप्प बसणारं हवंच आहे."