पाळणाघराची भिंत

मी उजेड विकला, असं आमच्या चाळीत म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, कारण माझं तोंड सगळ्यांना माहीत आहे. पण जिन्यात म्हणतात, मंडळाच्या बैठकीत मी पोचायच्या आधी म्हणतात, आणि ज्या बायका पूर्वी लांबून जयभीम घालायच्या त्या आता मला बघून पिशवीत काहीतरी शोधायला लागतात. म्हणून एकदाचं लिहून टाकते. काय विकलं, कशासाठी विकलं, आणि विकायला माझ्या हातात दुसरं काही का उरलं नव्हतं.

चिंचपोकळीला आमच्या चाळीच्या मागे बंद गिरणीची जमीन आहे. तिच्या कोपऱ्यात गिरणीचं पाळणाघर होतं, काळ्या दगडाची एक बैठी इमारत. गिरणीत कामाला असलेल्या बायका तान्ही पोरं तिथे ठेवायच्या आणि सुट्टी झाली की धावत येऊन पाजून जायच्या. आईने मला आणि दादाला तिथेच वाढवलं. मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतं म्हणाले तर ते खोटं होईल. मला आठवतं ते नंतरचं. छप्पर बसलेलं, कौलं लोकांनी नेलेली, आत एरंड माजलेला आणि भिंतीच्या डोक्यावर पिंपळ. शेवटी दर्शनी भिंत तेवढी पूर्ण उंचीची उरली, कमानींसकट. बाकीच्या कमरेएवढ्या.

गिरणीची जमीन बिल्डरने घेतली. टॉवर यायचा ठरला. पाळणाघर मात्र वारसा वास्तूंच्या यादीत निघालं, त्यामुळे त्याला ते पाडता येईना. आमच्या मंडळाने ते मागितलं. आमच्याकडे खोल्या एवढ्याशा आणि माणसं भरपूर. पोरं परीक्षेचा अभ्यास जिन्याच्या वळणावर बसून करतात, वरून खाली जाणाऱ्या प्रत्येकाला पाय आखडून वाट देत. त्यांच्यासाठी अभ्यासिका हवी होती. मंडळाचा अध्यक्ष माझा दादा. बंदरात कारकून होता, निवृत्त झाला, अक्षर सुंदर, चाळीत सगळे त्याला साहेब म्हणतात. पण कचेऱ्यांतून भांडायला साहेब उपयोगाचा नाही. तिथे मी गेले.

भांडणं हाच माझा धंदा आहे. पाडायला काढलेल्या चाळींचे दरवाजे, वासे, तुळया, कठडे मी विकत घेते आणि ज्यांना नव्या घरात जुनं लाकूड मिरवायचं असतं त्यांना विकते. नवरा वारला तेव्हा एका पाडकामावरून दोन दरवाजे उचलले, तिथून सुरुवात. आता शिवडीला स्वतःचं गोडाऊन आहे. पाडकामाच्या मुकादमापासून मलबार हिलच्या शेठाणीपर्यंत सगळ्यांशी मी घासाघीस केली आहे आणि सहसा हरलेली नाही. माझी रीत एकच. जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचं नाही, आणि भाव अडला की पदर खोचून उठायचं, दाराकडे चालायला लागायचं. माणूस परत बोलावतोच.

परवानगी मिळाली ती एका अटीवर. जुनी वास्तू जपायची आणि तिच्या मागे नवी खोली जोडायची. जुनी भिंत उभी आहे तोवर हे वाढीव बांधकाम. भिंत पडली तर जपायला काही उरलं नाही, मग वाढवायचं तरी काय? परवानगी रद्द, आणि जागा परत बिल्डरच्या नकाशात. म्हणजे आमचा सगळा हक्क त्या एका पिंपळ उगवलेल्या भिंतीवर टांगलेला.

आराखडा एका तरुण आर्किटेक्ट मुलीने पैसे न घेता करून दिला. लोखंडी सांगाडा, आणि पूर्वेची अख्खी बाजू काचेची. नवी खोली जुन्या दगडाला कुठेही टेकत नव्हती, मध्ये हातभर फट ठेवलेली. मी तिच्याशीही भांडले.

"माझ्याकडे शंभर वर्षांचं सागवान पडलंय. लोखंड कशाला? फुकट देते, लाव."

"मावशी, नवं ते नवंच दिसू दे. आणि पोरांना सागवान नकोय, उजेड हवाय. पुस्तकावर सकाळचा उजेड पडला पाहिजे."

ते मला पटलं. सांगाडा उभा राहून काचा बसल्या त्या दिवशी मी आत जाऊन उभी राहिले. पूर्वेकडे टॉवरची मोकळी जमीन, तिथून ऊन सरळ जमिनीवर आलं होतं. चाळीत जन्मलेल्या माणसाला एवढा उजेड एकदम मिळाला की त्याला आपण कुणाच्या तरी घरात चुकून शिरलोय असं वाटतं.

जुन्या भिंतीला मधल्या कमानीपासून वरपर्यंत एक भेग होती. तिच्यावर आमच्याकडच्या इंजिनियरने काचेची एक पट्टी आडवी बसवली, दोन्ही टोकं प्लास्टरमध्ये घट्ट. भिंत केसभर सरकली तरी काच तडकते. ते काम झालं तेव्हा बिल्डरचा इंजिनियरही हजर होता. काचेवर तारीख रंगवली, दोघांनी फोटो काढले. काच शाबूत तर भिंत जागेवर. शेजारचं काम चालू असताना काच तडकली तर त्यांनी काम थांबवायचं आणि भिंतीची जबाबदारी त्यांची. हे मला माहीत होतं, आर्किटेक्ट मुलीला माहीत होतं. दादा त्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे गेला होता. मी त्याला घरी येऊन सांगितलं आणि त्याने हो हो केलं.

मग जयंती आली. आमच्याकडे जयंती म्हणजे घराघराला रंग, दारादारात निळे झेंडे. त्या वर्षी पहिल्यांदाच पाळणाघर आमचं होतं, तर पाहुण्यांचं स्वागत तिथेच करायचं ठरलं. बायकांनी भिंत घासून धुतली, पोरांनी पिंपळ उपटला, चुना मारला. मी तो आठवडा गोडाऊनला होते, माल उतरत होता. जयंतीच्या दिवशी आले तेव्हा पांढरीशुभ्र भिंत आणि कमानींना निळी रोषणाई. मलासुद्धा बघून बरं वाटलं.

मे महिन्यात शेजारी तळघरासाठी खडक फोडायला ब्रेकर लागले. सकाळपासून ते ठोके सुरू झाले की चाळीत मांडणीवरची भांडी वाजायची. एका दुपारी मी पाळणाघरात गेले, तर पांढऱ्या चुन्यातून काळी रेघ वर चढलेली, आणि हात पोचला तिथे तिच्यात माझं बोट जात होतं. मी काच शोधली. काच नव्हती. चुन्याखाली प्लास्टरचे दोन उंचवटे तेवढे हाताला लागले.

दादा समोरच्या ओट्यावर पेपर वाचत होता.

"दादा, काच कुठाय?"

"कसली काच?"

"भेगेवरची. प्लास्टरात बसवलेली."

"ती होय? काढली मी. जयंतीला पोरं सारखी हात लावत होती. कापलं असतं एखाद्याला."

"काढून टाकलीस कुठे?"

"कचऱ्यात. अगं, काचेचा तुकडा तो. सोनं टाकल्यासारखी काय ओरडतेस?"

"सोनं टाकलं असतंस ना, तर मी एवढी ओरडले नसते!"

मग मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. चाळीतल्या निम्म्या लोकांनी ऐकलं, पण बहीण-भावाचं नेहमीचं भांडण समजून कोणी लक्ष दिलं नाही. शेवटी त्याला कळलं. त्याने पेपर घडी करून बाजूला ठेवला. "मला वाटलं, त्यांचं मोजून झालं असेल," एवढंच म्हणाला. आर्किटेक्ट मुलीला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, कोर्टात जायचं तर दाखवायला काही नाही, आणि ब्रेकर असेच चालले तर भिंत पावसाळा बघणार नाही."

मी तशीच टॉवरच्या साइटवर गेले. कंटेनरमध्ये ऑफिस होतं, थंडगार. साइटचा मॅनेजर साताऱ्याकडचा, गोड बोलणारा. त्याने कागदी कपातून चहा मागवला. ज्या माणसाला घाई नसते तोच आधी चहा मागवतो, हे मी धंद्यात शिकले आहे.

"तुमच्या ब्रेकरने आमची भिंत हलली," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता थांबवा."

"थांबवतो की. काच दाखवा."

"भेग दाखवते. हात जाईल एवढी झालीय."

"ताई, भेग आधीपासून आहे, आमच्याकडे फोटो आहे. काच तडकलेली दाखवा, मी या मिनिटाला मशीन बंद करतो. तसंच ठरलंय आपलं."

त्याने चमचाभर साखर कपात टाकली, ढवळली.

"काच नाहीये ना? आमच्या इंजिनियरने जयंतीनंतरच सांगितलं होतं, तिकडची पट्टी दिसत नाही म्हणून."

म्हणजे त्यांना माहीत होतं. माहीत असून गप्प बसले आणि मग ब्रेकर लावले. मी त्याला नको नको ते बोलले. पेपरवाल्यांना आणते म्हणाले, बायकांना घेऊन मशीनपुढे बसते म्हणाले. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "बसा. त्यातही महिना जाईल. भिंत तोवर थांबेल?"

आणि मग त्याने काय हवंय ते सांगितलं. टॉवरच्या गाड्यांचा रॅम्प आमच्या हद्दीला लागून घ्यायचा होता. त्यासाठी मंडळाची ना हरकत लागत होती, कारण रॅम्पची भिंत आमच्या पूर्वेच्या काचांना चिकटूनच वर जाणार होती. आम्ही सही केली, तर आमच्या बाजूचा खडक ते ब्रेकरने न फोडता तारेच्या करवतीने, हादरे न देता कापणार, आणि दर्शनी भिंतीला त्यांच्या खर्चाने लोखंडी आधार देणार.

"उजेड सोडून दुसरं काहीही मागा," मी म्हणाले.

"दुसरं तुमच्याकडे आहे काय, ताई?"

मी उठले. पदर खोचला, पिशवी उचलली, दाराकडे चालायला लागले. इतकी वर्षं हेच करत आले. मुकादमाने बोलावलं, शेठाणीने बोलावलं, एकदा एका भटजींनी जिन्यावरून खाली धावत येऊन बोलावलं. मी दाराची मूठ धरली. दार उघडलं. बाहेरची गरम हवा तोंडावर आली. मागून कपात चमचा वाजला, बस. ब्रेकरचे ठोके चालू होते आणि प्रत्येक ठोक्याला मला चुन्यातली ती काळी रेघ दिसत होती. मी उंबऱ्यावर उभी राहिले. त्याने बोलावलं नाही.

मी स्वतःहून वळले आणि परत खुर्चीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा.

त्यानंतर जेवढं ओढता आलं तेवढं ओढलं. रॅम्पची भिंत हातभर तरी मागे घ्या म्हणाले, एक वीत मिळाली. आधार पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवा म्हणाले, काम संपेपर्यंत ठेवायचं ठरलं. दुसऱ्याच दिवशी आमच्या बाजूचे ब्रेकर हटले. ना हरकतीवर अध्यक्ष म्हणून दादाने सही केली, त्याच्या त्या सुंदर अक्षरात.

रॅम्पची भिंत वर चढायला लागली तशी मंडळाची बैठक बोलावली गेली. लोक चिडले होते. एका पोराच्या आईने उभं राहून मला विचारलं, "तुमचं लाकडाचं गिऱ्हाईक आहे काय तो बिल्डर?" दुसरा म्हणाला, "धंदेवाल्या माणसाच्या हातात दिलं की असंच होणार." मी दादाकडे बघत होते. आता हा उठेल, सांगेल की काच मी काढली. दादाने चष्मा पुसला. मग म्हणाला, "हिने ठरवलं. मी फक्त सही केली."

मी तेव्हा का नाही बोलले, हे मला माझ्या मुलीने कितीदा विचारलंय. पहिल्या गोडाऊनला तोच जामीन राहिला होता, बंदरातली नोकरी पणाला लावून. भर बैठकीत साहेबाचं साहेबपण काढून घ्यायला माझी जीभ उठली नाही. वाटलं, आज नाही तर पुढच्या बैठकीत तो स्वतः सांगेल. बैठका होत राहिल्या.

अभ्यासिका सुरू झाली आहे. नवी खोली चांगली झाली, खरंच चांगली. काच जमिनीपासून छतापर्यंत आहे, आणि तिच्यापलीकडे एका वितीवर सिमेंटची भिंत. गाडी रॅम्पवर चढली की काच हलकी गुणगुणते. दिवसासुद्धा ट्यूबलाइट लावाव्या लागतात. पोरांनी आपली आपण सोय लावून घेतली. सकाळी खुर्च्या उचलून जुन्या भागात नेतात, बिनछपराच्या, आणि दर्शनी भिंतीच्या सावलीत वाचत बसतात. ऊन सरकलं की खुर्च्या सरकवतात. जी भिंत वाचवायला मी त्यांची खिडकी दिली, तिच्याच आडोशाला बसून ती पोरं माझ्याकडे मान वर करून बघत नाहीत.

लोखंडी आधार काम संपल्यावर काढून नेले. इंजिनियरने भेगेवर नवी काच बसवली आहे, नवी तारीख घालून. गोडाऊनला जायच्या आधी मी रोज ती बघून जाते. परवा गेले तर दादा तिच्यासमोर उभा होता, पेपर काखेत.

"शाबूत आहे," तो म्हणाला. "मी रोज बघतो."

"बघ. हात लावू नकोस."

त्याने हात मागे घेतले. खुर्च्यांवरची पोरं वाचत होती, आमच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी म्हणाले, "रविवारी बैठक आहे."

"माहितेय."

"सांगशील?"

तो काचेवरची तारीख वाचत राहिला, जणू ती मोठी असावी आणि संपत नसावी. पलीकडे रॅम्पवर एक गाडी चढली. आम्ही दोघांनी एकदमच काचेत तडा शोधला. काच तशीच होती.

तो पेपर उघडत ओट्याकडे निघून गेला. म्हणून मी हे लिहिलं. त्याला विचारून लिहिलेलं नाही, आणि रविवारी बैठकीत तो उठला नाही तर मी हेच उभी राहून वाचून दाखवणार आहे.